कासमभाईंचा नफा

वीर स्टेशनवर गाडीतून उतरलो तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. ठाण्याला मुलीकडे चार दिवस राहून परतत होतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तिच्या सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी. बाहेर रिक्षांच्या रांगेत आमचा नेहमीचा सुरेश उभा होता. त्याने बरणी माझ्या हातातून घेतली, मागच्या सीटवर नीट टेकवून ठेवली आणि रिक्षा चालू न करताच म्हणाला, "भाऊ, तुमाला फोन नाय लागला का कुणाचा? कासमभाई गेले. सकाळी दुकानाचं शटर वर केलं, बाकड्यावर बसले, ते बसलेच." मी विचारलं, "मातीला किती वाजता?" तो म्हणाला, "जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर होती. आता झालीच असंल." महाडपर्यंतचा रस्ता मला अजिबात आठवत नाही, फक्त ती बरणी वळणावर कलंडू नये म्हणून मी तिच्यावर हात ठेवला होता एवढं आठवतं.

कब्रस्तानाशी पोचलो तर माणसं परत निघाली होती. फाटकात रमणिकशेठ दिसले. बाजारपेठेत कासमभाईंच्या दुकानासमोर यांचं दुकान. दोघंही पाइप आणि नळच विकत, त्यामुळे तीस वर्षं एकमेकांचे दुष्मन आणि तीस वर्षं एकमेकांच्या चहाचे भागीदार. डोक्याला रुमाल बांधून ते एकटेच थांबले होते. "मला वाटलंच तुम्ही याल," म्हणाले, आणि मला आत घेऊन गेले. ओल्या मातीपाशी उभं करून हळूच म्हणाले, "तीन मुठी टाकतात." मी टाकल्या. हाताला लागलेली माती मी घरी येईपर्यंत धुतली नाही... आता दीड महिना झाला. कासमभाईंबद्दल लिहावं असं रोज वाटत होतं आणि रोज टाळत होतो, कारण त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागतं, आणि ती गोष्ट मी परवापरवापर्यंत चारचौघांत बोललेलो नव्हतो.

मी महाडच्या एका सहकारी बँकेत नोकरीला होतो. आधी कारकून, मग शाखाधिकारी. कासमभाई पहिल्यांदा आमच्या शाखेत आले तेव्हा मी काउंटरवर होतो. बारीक अंगाचा, पांढरी टोपी घातलेला, खिशाला मोजायची टेप अडकवलेला माणूस. म्हणाले, "व्याज देत नाय असं खातं द्या." मी समजावलं की बचत खात्यावर व्याज मिळतं. "म्हणून तर ते नको," ते म्हणाले. चालू खातं उघडून दिलं. सगळे कागद झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता माझे पैसे इथं काय करणार?" मी हसत म्हटलं, "आराम करणार." ते हसले नाहीत. "आराम कसला? तुम्ही त्यांना कुणाच्या तरी कामाला पाठवणार. कुठल्या कामाला पाठवता, ते विचारतोय." इतकी वर्षं बँकेत काढली, ठेवी घेतल्या, कर्जं दिली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मला स्वतःलाही पडला नव्हता. त्यानंतर दर महिन्याला ते भरणा करायला यायचे आणि खिडकीतून विचारायचे, "वसंतराव, पैसे काय करतायत?" आणि मी म्हणायचो, "मजेत आहेत." परगावी शिकायला गेलेल्या मुलांची खुशाली विचारावी तसा तो आमचा शिरस्ताच पडून गेला.

व्याज का नको, हे त्यांनी मला एकदाच समजावलं. माझ्या घरी चहाला आले होते. माझी बायको सुनंदा तेव्हा पोलादपूर तालुक्यात डोंगरावरच्या एका वाडीत शाळेवर होती, तिने गावातली काही गोष्ट सांगितली आणि त्यावरून विषय निघाला. कासमभाई तिला म्हणाले, "ताई, तुमच्या त्या वाडीत गाय अर्धेलीने देतात ना? एकाची गाय, दुसरा राखतो. वासरू झालं की दोघांचं निम्मं निम्मं. आणि गाय मेली तर? मालकाची गाय गेली, राखणाऱ्याची मेहनत गेली. दोघांचंही गेलं, म्हणून दोघंही गाईला जपतात. आमच्याकडे व्यवहार म्हणतात तो असा. व्याजात काय होतं, गाय मेली तरी रोज दूध घालावंच लागतं." सुनंदाला ते फार आवडलं. मी मात्र मनातल्या मनात हिशेब करत होतो की या गृहस्थाचं चालू खात्यात पडून राहिलेल्या रकमेवर वर्षाला किती नुकसान होतंय. खरं सांगायचं तर त्यांचा धर्म मला त्यांच्या हट्टासारखा वाटायचा. माणूस चांगला, पण व्यवहारात भोळा, असं माझं मत होतं आणि ते मी बायकोला बोलूनही दाखवलं होतं.

त्यातच त्यांनी हजचे पैसे साठवायला घेतले. स्वतःसाठी आणि बायकोसाठी, जैनबभाभींसाठी. दुकानाच्या खात्यात ते मिसळू नयेत म्हणून दुसरं चालू खातं उघडलं. म्हणाले, "हे पैसे जपा वसंतराव. यात दुसरं काही येता नये." मी मान डोलावली. बँकेत माझी एक सवय होती. ग्राहकाला फॉर्म वाचायचा कंटाळा असतो, म्हणून सही करायच्या जागी मी पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवायचो. कासमभाई माझ्या फुल्या बघून सह्या करायचे, एक अक्षर वाचायचे नाहीत. एके दिवशी मी त्या कागदांत एक कागद जास्तीचा घातला. हजच्या खात्यातली रक्कम आपोआप मुदत ठेवीत वळती व्हावी, असा तो अर्ज होता. त्यांनी फुली पाहिली, सही केली, विचारलं, "पैसे काय करतायत?" मी म्हटलं, "मजेत आहेत." यात माझा एक पैशाचा स्वार्थ नव्हता. मला वाटत होतं, दहा वर्षांनी हा माणूस हजला निघेल तेव्हा मी त्याच्या हातात दुप्पट रक्कम ठेवीन, तो थक्क होईल, आणि जन्मभर माझं नाव काढेल. नऊ वर्षं ही गोष्ट मी खाऊच्या पुडीसारखी लपवून ठेवली आणि नऊ वर्षं दर महिन्याला त्या प्रश्नाला तेच उत्तर दिलं.

मग तो पूर आला. महाडला पूर नवा नाही, पण त्या वर्षी पाणी दुकानांच्या माळ्यापर्यंत चढलं. तिसऱ्या दिवशी मी बाजारपेठेत गेलो तेव्हा कासमभाई आणि भाभी एका टपात पाइपांचे एल्बो आणि वॉशर धूत बसले होते. मागे दुकानभर गुडघ्याएवढा चिखल. पंपांच्या मोटारी सगळ्या गेल्या होत्या. मी म्हटलं, बँक पूरग्रस्तांना सवलतीच्या व्याजाने कर्ज देतेय. ते हात धूत म्हणाले, "नको, बघू काहीतरी." तेव्हा मला वाटलं, हीच वेळ. मी दुसऱ्या दिवशी ठेवीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेलो. त्यांच्यापुढे धरल्या आणि अगदी लहान मुलासारख्या उत्साहाने सांगितलं की तुमच्याकडे पैसे आहेत, जेवढं मुद्दल तेवढंच जवळजवळ व्याज झालंय, दुकानही उभं राहील आणि हजही होईल.

त्यांनी पावत्यांना हात लावला नाही. हात चिखलाचे होते म्हणून असेल असं मला आधी वाटलं. मग म्हणाले, "याला माझी सही हाय?"

"हो."

"मी केली?"

"तुम्हीच केलीत. फुली होती तिथे."

भाभींनी टपातलं काम थांबवलं. कासमभाई म्हणाले, "वसंतराव, मी डोळे मिटून सही करत होतो, ती कागदावर नव्हतो करत, तुमच्यावर करत होतो." आणि मग आवाज न चढवता, "हे पैसे घेऊन मी तिकडं गेलो असतो... तर? नऊ वर्षं मी तुम्हाला दर महिन्याला विचारत होतो, पैसे काय करतायत म्हणून."

घरी आलो तेव्हा माझे पाय चिखलाने भरले होते. सुनंदाने काय झालं विचारलं तर मी तिच्यावरच खेकसलो. कोणाचं भलं करायला जाऊ नये, असं काहीतरी बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलं होतंत का?" पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका वाक्यावर धुमसत होतो, कारण त्यात चूक काढायला जागा नव्हती.

तीन आठवड्यांनी कासमभाई शाखेत आले. नेहमी सरळ माझ्या टेबलाशी येणारा माणूस रांगेत उभा राहिला. "साहेब," त्यांनी मला म्हटलं. वसंतराव नाही, साहेब. मुद्दल त्यांनी दुकानाच्या खात्यात घ्यायला सांगितलं, आणि व्याजाचा वेगळा चेक मागितला. फॉर्मवर फुली न मारता मी तो त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मागची रांग चुळबूळ करत होती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मुद्दल दुकानाला पुरण्यासारखं नव्हतं. बाजारातल्या सात-आठ जणांनी त्यांच्या दुकानात भाग घेतला. नफा झाला तर वाटून, तोटा झाला तर ज्याच्या त्याच्या भागाप्रमाणे. रमणिकशेठनी सुद्धा घेतला, समोरच्या दुकानदारानं! मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारण्याच्या परिस्थितीत नव्हतो. हज लांबणीवर पडला, हे मला भाभींच्या शेजारणीकडून कळलं. पुढे एकदा संध्याकाळी कासमभाई घरी आले. माझ्याशी नाही, सुनंदाशी बोलायला. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो होतो. "ताई, तुमच्या शाळेतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात," ते म्हणाले. खरंच होतं ते. शाळेला संडास नव्हता, म्हणून पोरी सकाळपासून घसा कोरडा ठेवायच्या आणि जरा मोठ्या झाल्या की यायच्याच बंद व्हायच्या. कासमभाईंनी चेक टेबलावर ठेवला. "मी मौलानांना विचारलं. व्याज आलंच असेल तर ते बँकेला सोडायचं नाय, स्वतः वापरायचं नाय, गरजवंताच्या कामी लावायचं. पण दान म्हणून नाय. यातलं पुण्य मला नको, मिळणारही नाय. मी हे घराबाहेर काढतोय, एवढंच. तर याचे संडास बांधा. माझं नाव कुठं येता नये. ज्याचं नाव लावायचं ते पैसे माझे पाहिजेत ना? हे माझे नव्हतेच." सुनंदाने शब्द दिला. मग त्यांनी वर्तमानपत्राकडे बघून विचारलं, "साहेब?" मी वर्तमानपत्रामागूनच म्हटलं, "दिला."

पुढची गंमत सगळ्या महाडला माहीत आहे, कारण मात्र कोणालाच माहीत नव्हतं. त्या कामाचे पाइप, नळ, भांडी, सगळा माल कासमभाईंनी रमणिकशेठच्या दुकानातून घेतला. स्वतःच्या दुकानातला घेतला असता तर त्यावरचा नफा फिरून त्यांच्याच घरी आला असता. रमणिकशेठ बिचारे जो भेटेल त्याला सांगत सुटले, "कासमभाईंचा माल आता कासमभाईंनाच चालत नाही!" बाजारात आठवडाभर तोच विषय. कासमभाई नुसते हसायचे. मात्र वाडीवर जाऊन पाइप त्यांनी स्वतःच्या हाताने घातले. दोन रविवार. वाळू वाडीतल्या बायकांनी डोक्यावरून चढवली, शोषखड्डा बाप्यांनी खणला, आणि हा साठीचा माणूस उकिडवा बसून उतार मोजत होता. सुनंदाने विचारलं, "हे चालतं का तुम्हाला?" तर म्हणाले, "पैसा परका, मेहनत माझी. मेहनतीवर कुणाची बंदी हाय?"

आम्ही दोघं एकमेकांशी जेमतेम बोलायचो, असं दीड-दोन वर्षं चाललं. मी निवृत्त झालो. निरोप समारंभाला ते आले, नारळ दिला, "साहेब, तब्येत सांभाळा" म्हणून गेले. आणि मग एका संध्याकाळी दार वाजलं. कासमभाई आणि भाभी. नव्या दुकानाच्या नफ्यातून पैसे जमले होते, हजचा नंबर लागला होता. ते आत येऊन बसले नाहीत, उभेच राहिले आणि हात जोडून म्हणाले, "वसंतराव, तिकडं निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची असते. मी तुमच्याशी दोन वर्षं तुटक वागलो. बोललं-चाललं माफ करा."

मला रडू आलं. सरळ सांगतो, हमसून रडू आलं. मी म्हटलं, "अहो, माफी मी मागायची आहे." ते म्हणाले, "तुमची तुम्ही मागा, मी देतो. पण माझी मला मागू द्या की!" सुनंदा आणि भाभी दोघी हसायला लागल्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे सगळे जेवूनच गेले.

ते हजहून आल्यावर मी त्यांना म्हटलं, मलाही दुकानात भागीदार करून घ्या. ते म्हणाले, "तोटा आला तर?" म्हटलं, "तर तोटा." करारनामा मीच टाइप करून नेला आणि जुन्या सवयीने सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारल्या होत्या. कासमभाईंनी गल्ल्यातून खोडरबर काढलं, एकेक फुली नीट खोडली, कागदावरचा कीस फुंकला आणि म्हणाले, "आता वाचू." आम्ही दोघांनी तो करारनामा मोठ्याने वाचला, आळीपाळीने, शाळेत धडा वाचतात तसा. पहिल्याच वर्षी तोटा आला. तो सांगायला ते भाभींनी केलेल्या सांदणाचा डबा घेऊन घरी आले. सुनंदा म्हणाली, "तोटा झाला आणि गोड आणलंत?" तर म्हणाले, "तोटा सांगायला जावं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?" पुढच्या वर्षांत नफा झाला. दर वर्षी माझ्या वाट्याचं पाकीट ते स्वतः आणून द्यायचे, आणि ते मी कधी खर्च केलं नाही. कपाटात ठेवत गेलो. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

निवृत्तीनंतर मी म्युच्युअल फंडाची एजन्सी घेतली होती. आता त्यांच्या धर्मात बसेल अशा कंपन्यांच्या याद्याही मिळतात. दारू नाही, जुगार नाही, व्याजाचा धंदा नाही, कर्ज बेताचं. मी मोठ्या हौसेने अशी एक यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यात बिरवाडीच्या बाजूला कारखाना असलेली एक रसायनांची कंपनी होती. सगळ्या कसोट्यांना उतरलेली. कासमभाईंनी ते नाव बोटाने दाबून धरलं आणि म्हणाले, "ही जवळच हाय. बघून येतो." मी म्हटलं, शेअर घ्यायला कारखाना बघायला कोण जातं? दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून ते गेले. बिरवाडीत भाड्याने राहणाऱ्या कामगारांशी बोलले, मागच्या अंगाला नाल्याच्या कडेने चालत गेले. परत आले ते थेट माझ्या घरी. स्कूटरच्या डिकीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. पाणी तपकिरी, आणि वास असा की सुनंदाने बाटली उचलून गॅलरीत नेली. "यादीत पास हाय," ते म्हणाले, "नाल्यात नापास. वसंतराव, त्या नाल्याच्या खाली माणसं गुरं पाजतात. दारूच्या कारखान्याला पैसे द्यायचे नाय आणि विषाच्या कारखान्याला द्यायचे, हे कुठल्या किताबात लिहिलंय?" मला उगीचच यादीची बाजू घ्यावीशी वाटली, पण गॅलरीतून वास येत होता. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक गुंतवणुकीला त्यांचा तो जुनाच प्रश्न विचारू लागलो, पैसे काय करतायत? उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. पण विचारल्यापासून दोन ठिकाणचे पैसे मी काढून घेतले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कासमभाईंचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला त्याच आठवड्यात वाडीवरच्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. वाडीने वर्गणी काढून संगमरवराची पाटी करून आणली होती. कासमभाईंच्या स्मरणार्थ. ती संडासाच्या भिंतीवर बसवायची होती आणि अनावरणाला त्यांचे जिवलग मित्र म्हणून मी हवा होतो. वाडीला वाटत होतं, पाइप घालणाऱ्यानेच पैसे दिले असणार, आणि ते काही खोटं नव्हतं. मी हो म्हणून फोन ठेवला आणि मग घाम फुटला. शब्द दिला होता की नाव येऊ देणार नाही. पण पाटी अडवायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर ते पैसे व्याजाचे होते हे सांगायचं, आणि ते व्याज कसं आलं हेही. निवृत्त झालो तरी आजूबाजूच्या गावांत माझी ओळख म्हणजे सचोटीचा बँकवाला. लोक अजून माझ्याकडे कागद घेऊन येतात आणि मी दाखवीन तिथे सही करतात. गप्प राहिलो असतो तर कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. एका भल्या माणसाचं नाव भिंतीवर लागलं असतं, आणि माझंही शाबूत राहिलं असतं.

मी आणि सुनंदा त्यांच्या घरी गेलो. भाभी नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत असल्यामुळे आत होत्या, परक्या पुरुषासमोर येत नव्हत्या. सुनंदा आत गेली, मी बाहेर त्यांच्या मुलीपाशी, रेहानापाशी बसलो. हल्ली दुकान तीच सांभाळते. थोड्या वेळाने सुनंदा बाहेर आली. "भाभी म्हणतात," तिने सांगितलं, "सही त्यांची होती, पण फुल्या तुमच्या होत्या. आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा." रेहानाने मला पाणी आणून दिलं.

वाडीवर पोचलो तर पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली, वर हिरवं कापड. गवंड्याने सिमेंट कालवून घमेल्यात तयार ठेवलं होतं. पोरं रांगेत बसली होती. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली, त्यात "सचोटी" हा शब्द दोनदा आला. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. खाली बघून सांगितलं, पण सगळं सांगितलं. हजचे पैसे, फुली, नऊ वर्षं, मजेत आहेत... आणि शेवटी, की या भिंतीवर माझं नाव लावू नका असं ते म्हणाले होते आणि मी शब्द दिला होता.

मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजे साहेब, तुमी त्यांना फसवलंव?"

"हो," मी म्हटलं. एवढा छोटा शब्द, पण तो बोलायला मला इतकी वर्षं लागली होती.

शाळेत पोरांचा भात शिजवणारी पारूबाय दारात उभी होती. ती सुनंदाला म्हणाली, "गो बाय, सिमिट सुकतंय. काय ता ठरवा." मग माझ्याकडे वळली. "पैसं त्याचं नाय म्हंतास. मंग पाइप? दोन आयतवार माजे डोल्यादेखत बसलेला व्हता तो. ता तरी त्याचं हाय का नाय?"

"ते त्यांचंच," मी म्हटलं.

"मंग झालं तर. पोरी आता पानी पितात, पन प्याचं पानी लांबून आनाया लागतं. पान्याची टाकी बांधा नि तिला लावा ती पाटी. पैसं तेवडं चोख बघा."

त्या क्षणी मला कपाटातली पाकिटं आठवली. त्यांच्या दुकानातल्या माझ्या वाट्याच्या नफ्याची, त्यांनी स्वतः आणून दिलेली. ती मी कशासाठी साठवत होतो ते मला तिथे उभं राहून कळलं. "पैसे आहेत," मी म्हटलं. "चोख आहेत. त्यांच्याच दुकानातले." पाटी परत कापडात गुंडाळून वर्गात कपाटावर ठेवली. कालवलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून गवंड्याने संडासाच्या पायरीचा फुटका कोपरा भरून घेतला.

परवा मी मालाची यादी घेऊन कासमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांचं बाकडं तिथेच आहे, त्यावर कोणी बसत नाही, रेहाना शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते. तिने यादी हातात घेतली. एक टाकी, दीड इंची पाइप, चार नळ, एल्बो. पेन्सिलने भाव मांडत गेली आणि शेवटी म्हणाली, "काका, अब्बांचं नाव लागणार आहे. आम्ही यात नफा नाही घेणार. खरेदीच्या भावाने देते."

मी बाकड्याकडे बघत म्हटलं, "नाही बाळा. त्या वेळी त्यांनी माल समोरून आणला होता, नफा घरी येऊ नये म्हणून. या वेळी येऊ दे."

मग अगदी वडिलांसारखी मान तिरकी करून तिने विचारलं, "पैसे कुठले आहेत, काका?"

"इथलेच."

तिने गल्ला उघडून खोडरबर काढलं, मांडलेले भाव खोडले, कीस फुंकला, आणि एकेका वस्तूपुढे नफा धरून आकडे पुन्हा लिहिले. मग तो कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "वाचून घ्या." मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.